जुन्या मोठ्या बागेत मेटल डिटेक्टर चालवायचा तर सुरुवात कुठून करावी?

तिफण
नमस्कार मंडळी. मामेभाऊ दुबईहून येताना मेटल डिटेक्टर घेऊन आला. रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं रानात शोधायला कामाला येईल म्हणून. आलाही. आता डोळा आहे तो आमच्या तालुक्याच्या गावातल्या पालिकेच्या बागेवर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. निजामाच्या काळातली बाग, दहा-बारा एकर सहज भरेल. आत दोन दांडग्या चिंचा, बंद पडलेलं कारंजं, जाळी टाकलेली जुनी विहीर आणि एक दगडी चौथरा. पालिका तिचं सुशोभीकरण करणार आहे, म्हणजे पेव्हर ब्लॉक. जेसीबी यायच्या आत एकदा फिरून घ्यावं म्हणतो. अर्ज दिलाय, साहेब तोंडी "बघा" म्हणालेत.

एवढ्या मोठ्या जागेत कुठून सुरू करायचं? परदेशातल्या व्हिडिओत लोक हिरवळीवर चार पावलं टाकतात आणि नाणं काढतात. मी चालवलं तर मशीन नुसतं बोंबलतं. गुप्तधन-बिप्तधन नको, जुन्या नाण्यांची हौस आहे.

लातूरचा_जावई
आधी पायाळू माणूस गाठा (पायाकडून जन्मलेला, त्याला म्हणे गुप्तधन दिसतं). चार्जिंग लागत नाही.

वकिलीण_बाई
पायाळूचा विनोद ठीक आहे, पण 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यात आहे आणि गुप्तधनाच्या नादात लोक जीव घेतात-देतात, म्हणून जरा जपून.

तिफण, तोंडी "बघा" म्हणजे परवानगी नव्हे. साहेब बदलून गेले की तुमच्याकडे काय राहणार? लेखी घ्या. त्यात जागा, तारखा आणि "खड्डे पूर्ववत बुजवून देण्याच्या अटीवर" एवढं तरी असू द्या. एक झेरॉक्स खिशात, एक पोलीस ठाण्यात.

बाग कुठल्या संरक्षित स्मारकाला लागून नाही ना, ते आधी बघा. दौलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा अशा ठिकाणच्या हद्दीत विनापरवाना खोदणं सरळ गुन्हा आहे. हद्दीबाहेरही 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं.

आणि 1878 चा निखात निधी कायदा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. हो, दहाच रुपये. आकडा जुना असला तरी कायदा जिवंत आहे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

हाली_कलदार
बाई, आदर आहे, पण त्या कायद्यात शब्द "दडलेली" वस्तू असा आहे. कुणाच्या खिशातून गळालेला पैसा हा निधी कसा? हंडा वेगळा, गळालेली चिल्लर वेगळी.

वकिलीण_बाई
हा युक्तिवाद कोर्टात करायला मजा येईल, फक्त तिथं उभं तिफण राहणार, तुम्ही नाही. यादी करून मुख्याधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या, विषय संपला. आणि शंभर वर्षांपुढचं नाणं 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू होतं. परवान्याशिवाय त्याचा धंदा करता येत नाही, देशाबाहेर पाठवता येत नाही. भाऊ दुबईला परत जाणार असेल तर त्याच्या बॅगेत काही टाकू नका.

बिनतारी
मशीन का बोंबलतं ते सांगतो. आपला मराठवाडा बसाल्टवर बसलाय. काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं, दगड झिजून झालेल्या मातीतही ते उतरतं. मशीनला ती जमीनच धातूसारखी वाटते. व्हिडिओतल्या गोऱ्यांच्या हिरवळीखाली बहुधा ही भानगड नसते.

उपाय: बागेत गेल्यावर धातू नसलेली हातभर जागा बघा आणि कॉइल, म्हणजे दांडीच्या टोकाची चकती, खाली-वर करत ग्राउंड बॅलन्स करून घ्या, म्हणजे मशीनला त्या जमिनीची सवय लावा. चौथऱ्याजवळून चिंचेखाली गेलात की पुन्हा करा, जमीन बदलते. सेन्सिटिव्हिटी वाढवायचा मोह होतो, उलट कमी करा. फुल्ल ठेवली की जमिनीचाच आवाज जास्त येतो आणि नाण्याचा त्यात बुडतो. लहान कॉइल असेल तर ती लावा. ती एका वेळी कमी जमीन बघते, म्हणून गोंधळही कमी. मोबाइल खिशात नको. दिव्यांच्या खांबांच्या केबलजवळ मशीन बडबडणारच, आणि तिथं खुरपं तर अजिबात घालू नका.

काळी_आई
तिफण राव, मशीनचं मला कळत न्हाई, मातीचं कळतं. बागेत काळी हाय का मुरूम, ते आधी सांगा. काळीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बैशाखात कुणाचा पैसा पडला की तो भेगेतून सरळ हातभर खाली. मिरगाचा पाऊस पडला की भेग बुजली. वर काय ऱ्हायलं? न्हाई काय. आमच्या रानात पान्हा असाच गेला, पुढं विहिरीची चारी खांदताना कमरेएवढ्या खोलीवर निघाला. तुमचं मशीन किती खोल बघतंय?

बिनतारी
नाण्याएवढी वस्तू असेल तर आपल्या मातीत वीतभर, फार तर थोडं जास्त. मशीनच्या खोक्यावर छापलेल्या खोलीवर जाऊ नका.

काळी_आई काकांचा मुद्दा मात्र सोन्यासारखा आहे. म्हणजे काळी जिथं खोल आहे तिथं जुनं नाणं असलं तरी मशीनला दिसणार नाही.

पांढर
पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे, म्हणून थोडं खवचट वाटेल. काकांनी सांगितलं ते आम्हालाही शिकवतात. काळी माती फुगते, आकसते, स्वतःलाच उलथत राहते. त्यामुळे काळीत "जेवढं खोल तेवढं जुनं" हा हिशोब चालत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. पैठण, तेर, भोकरदन इथं सातवाहनांची शिशाची, पोटीनची (तांबं-शिसं-कथिल मिश्रणाची) नाणी मिळतात. लोक पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावरून पावसानंतर वेचतात आणि मोंढ्यात वजनावर विकतात. नाणं हातात राहतं, पण ते कुठल्या थरात, कशाशेजारी होतं ते कायमचं जातं. तेरचं लामतुरे संग्रहालय पाहून या, गावातल्याच एका माणसानं आयुष्यभर जमवून ठेवलेलं आहे, म्हणून वाचलं. तुमच्या बागेखाली जुनी पांढर असेल, म्हणजे राखट भुसभुशीत माती, खापरं, बांगड्यांचे तुकडे दिसायला लागले, तर हात थांबवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. हे हौसेचं काम नाही.

तिफण
@पांढर, मान्य. पण मी थांबलो तरी जेसीबी थांबणार नाही ना. तो तर थर-बिर काही न बघता ट्रॉलीत भरून नेणार.

पांढर
तेही खरंच आहे म्हणा. मग निदान एवढं करा. कागदावर बागेचा कच्चा नकाशा काढा. निघालेली प्रत्येक वस्तू जागेवरच मोजपट्टी ठेवून फोटोत घ्या, छोट्या पिशवीत टाका, पिशवीवर नंबर, तोच नंबर नकाशावर. सोड्याच्या बाटलीचा बिल्ला निघाला तरी. आणि नाणं चिंचेनं घासू नका! लिंबू, कोलगेट, राख काही नाही. नुसत्या पाण्यात भिजवून माती सुटू द्या.

लातूरचा_जावई
चिंचेच्या बागेत चिंचेला बंदी. घोर कलियुग.

चिंचेखाली
माझा आयडीच असा, म्हणून या धाग्यावर यावंच लागलं. माझं माहेर अशाच एका बागेसमोर. संध्याकाळी पालिकेच्या रेडिओचा भोंगा लागायचा, बातम्या ऐकायला अख्खी आळी कठड्यावर. भेळवाला कायम फाटकाच्या डाव्या हाताला, कारण उजवीकडं नळ होता आणि तिथं चिखल. आता ते फाटकच नाही, भिंत आहे. सांगायचं हे की आज माणसं जिथं बसतात तिथं पूर्वी बसत नव्हती. जुन्या माळ्याला नाहीतर त्याच्या घरच्यांना विचारा: फाटक कुठं होतं, झोपाळे कुठं होते, कुस्त्या कुठं लागायच्या. गळायचं ते पैसे मोजताना, नाहीतर उलटंपालटं होताना गळतं.

आमच्या थोरल्या वन्सं झोपाळ्यावरून पडल्या तेव्हा त्यांचं जोडवं गेलं होतं. दोन दिवस वाळू चाळली. सासूबाई अजून काढतात विषय.

हाली_कलदार
ताईंनी लाखाची गोष्ट सांगितली. नगर भूमापन कार्यालयात बागेचा जुना नकाशा मिळाला तर आणखी बरं. जुनी पायवाट आणि आजची पायवाट जिथं जुळत नाही तिथं लक्ष ठेवा.

आता काय सापडू शकतं ते. निजामाच्या मुलखात 1948 पर्यंत हाली सिक्का, म्हणजे निजामाचं स्वतःचं चलन, आणि इंग्रजांचा कलदारही लोकांच्या हातात असायचाच. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण भाव. पोलीस ॲक्शननंतरही काही वर्षं दोन्ही चाललं. त्यामुळे बागेत दोन्हीकडची चिल्लर निघू शकते. तांब्या-ब्राँझची पै फारसीत लिहिलेली आणि हिजरी सालाची असते. 1361 वाचून कुणी बहमनींच्या काळातलं समजू नका, ते 1942 आहे. नाण्यावर चारमिनार असेल तर मधल्या कमानीत बारीक अक्षर बघा. ऐन असेल तर उस्मान अली खान, मीम असेल तर त्याच्या आधीचे महबूब अली खान. भिंग लागेल.

इंग्रजांचा 1943 ते 1947 चा भोकाचा पैसाही येईल. पोरं तो करदोट्यात ओवायची, म्हणून खेळायच्या जागी हमखास. आणि डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूचा आवाज गाळायची सोय) लावून लोखंड बंद करा, नाहीतर खिळे काढून वेड लागेल.

बिनतारी
इथं माझी असहमती. सुरुवातीला काही बंद करू नका. 1988 नंतरचे स्टीलचे दहा पैसे, चार आणे, आठ आणे चुंबकाला चिकटतात, मशीन त्यांना लोखंडच समजतं. बंद केलं की तेही बंद.

हाली_कलदार
चार आणे 2011 च्या 30 जूनला चलनातून गेले. ते शोधायला तिफण उन्हात जाणार आहे का?

बिनतारी
चार आण्यासाठी नाही हो, काळ ओळखायला. कुठल्याही एका ठिकाणी दहा बाय दहा फुटांचा चौकोन सुतळीनं आखा. त्यातला आवाज येईल तो प्रत्येक काढा, खिळा असो की बिल्ला. चौकोन रिकामा झाला की काय निघालं ते पुढ्यात मांडा. सगळा माल स्टीलची नाणी आणि चॉकलेटच्या चांदीचा असेल तर वरचा थर नवा आहे, बहुतेक भराव. तिथं वेळ घालवायचा नाही, दुसरीकडं दुसरा चौकोन. ॲल्युमिनियमचे चौकोनी पाच पैसे, कंगोऱ्यांचे दहा पैसे यायला लागले तर साधारण सत्तर-ऐंशीच्या दशकात पोचलात. 1957 च्या आधीचं, म्हणजे आणे-पैवालं एकही नाणं आलं तर तो चौकोन धरून चहूबाजूंनी वाढवत जा.

दहा एकर चालायचे नसतातच. चार-पाच चौकोन बाग सांगून टाकतात.

हाली_कलदार
हे पटलं. पण मग एक लक्षात ठेवा, ॲल्युमिनियमची चांदी, डब्याची कडी आणि सोन्याची बारीक अंगठी मशीनवर जवळपास एकाच आकड्याच्या आसपास येतात. चांदी टाळली तर अंगठीही टळली.

लातूरचा_जावई
बायकोला हे वाक्य दाखवलं. आता ती म्हणते सगळं खणा.

काळी_आई
कधी जाणार ते सांगा. आत्ता गेलात तर ढेकूळ फुटायचं न्हाई, आन् भर पावसात गेलात तर चिखल खुरप्याला सोडायचा न्हाई. परतीचा पाऊस उघडला, आठ-दहा दिस ऊन खाल्लं, वाफसा आला, की जावा. मूठ वळली तर गोळा झाला पाह्यजे आन् टाकला तर फुटला पाह्यजे.

बिनतारी
मशीनच्या दृष्टीनंही तेच बरोबर, ओलसर जमिनीत आवाज सहसा स्पष्ट येतो. काका, तुम्ही आमच्यात या.

चिंचेखाली
खड्ड्यांचं बोला ना कुणीतरी. बागेत लहान मुलं पळतात, पाय मुरगळेल.

तिफण
ताई, हिरवळ फार नाही, कारंज्याभोवतीच थोडी आहे. तिथं तीन बाजूंनी कापून झाकणासारखी उलटवायची, माती फडक्यावर काढायची, वस्तू निघाली की फडक्यासकट परत ओतायची आणि पायानं दाबून पाणी घालायचं, असं ठरवलंय. बाकी जागी खुरपं.

मला खरी धास्ती गर्दीची आहे. आमच्याकडं रस्त्यात मोटरसायकल बंद पडली तरी पाच जण सल्ला द्यायला थांबतात. कानाला हेडफोन, हातात दांडी आणि खाली बसून उकरणारा माणूस म्हटल्यावर...

लातूरचा_जावई
सकाळी सातला "हंडा सापडला", आठला "दोन हंडे", नऊला व्हाट्सॲपवर हंड्याचा फोटो, दहाला फौजदार.

वकिलीण_बाई
हसू नका, अगदी असंच होतं. रझाकाराच्या काळात घरं सोडून गेलेल्यांनी दागिने पुरले, ही गोष्ट मराठवाड्यातल्या प्रत्येक गावात आहे आणि थोडी खरीही आहे. म्हणून एकट्यानं नको. पालिकेचा माणूस बरोबर ठेवा. रात्री तर मुळीच नाही. बॅटरीच्या उजेडात खणणाऱ्याचं कुणी ऐकून घेत नाही. निघालेला कचरा पारदर्शक बरणीत टाकत जा, विचारणाऱ्याला बरणी दाखवा. गंजके खिळे बघितले की लोक आपोआप पांगतात.

मॉडरेटर
"आमच्या शेतात पण मशीन घेऊन या" अशा तीन प्रतिक्रिया आणि मांडुळाबद्दलची एक उडवली आहे. मूळ प्रश्नावर राहा.

तिफण
लेखी परवानगी मिळाली, उद्यान विभागाचा एक जण सोबत होता. दोन चौकोन केले, उरलेले नंतर.

पहिला कारंज्याजवळ. सोड्याचे बिल्ले, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, खिळे, स्टीलचे चार आणे, कंगोऱ्यांचे दहा पैसे. त्याआधीचं काही नाही. माळी म्हणाला की कारंजं बंद पडल्यावर तिथं तलावातला गाळ आणून पसरला होता. म्हणजे बिनतारी म्हणतात तसा भराव.

दुसरा चौथऱ्याच्या पायथ्याशी. तिथं काळीचा थर चार बोटं, खाली कडक मुरूम. मुरमाला टेकून एक भोकाचा पैसा आणि एक पातळ तांब्याचा तुकडा निघाला. तुकडा नाणं असावं, एका बाजूला वेलबुट्टीसारख्या रेघा आहेत, बाकी हिरवा थर. घासलेला नाही! पाण्यात ठेवलाय. फोटो टाकतोय. चिंचेखाली मशीन नुसतं कण्हत होतं, काकांनी सांगितलं तशी तिथं काळी खोल आहे.

हाली_कलदार
फोटो अंधूक आहे, पण त्या रेघा वेलबुट्टी नसून तुघरा असाव्यात, निजामाच्या नावाची सही म्हणा. तसं असेल तर हैदराबादची पै. दोन दिवस पाण्यात राहू द्या, पाणी बदलत जा, मग खालच्या बाजूला साल दिसतं का बघू. वजन करून सांगा.

पांढर
पिशवीवर नंबर टाकला का?

तिफण
टाकला बाई, बिल्ल्यांवरसुद्धा टाकला. आता मूळ प्रश्न पुन्हा: उरलेली बाग कशी करू?

काळी_आई
तुमी सोताच उत्तर दिलं की. काळी सोडा, मुरूम धरा.

बिनतारी
काकांच्या चार शब्दांत सगळं आलं, मी फक्त पद्धत सांगतो. लोखंडी सळई घेऊन बागभर टोचत जा, आधी केबल आणि पाइप कुठून गेलेत ते विचारून. वीतभराच्या आत टणक लागलं तिथं नकाशावर फुली. त्या फुल्या जोडल्या की जुन्या पायवाटा आणि चौथरे आपोआप दिसतील. मशीन फक्त तिथं. सुतळीचे पट्टे आखा, हळू चाला, प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर अर्धा चढवा. एकदा उभे पट्टे, मग त्याच जागेत आडवे. नाणं कडेवर उभं असेल तर एका दिशेनं सुटतं आणि दुसऱ्या दिशेनं सापडतं.

चिंचेखाली
आणि विहिरीजवळ? बायका पाणी भरायला यायच्या, तिथं काही ना काही गळालेलं असणारच.

वकिलीण_बाई
विहिरीची जाळी धड आहे का ते आधी. काठापासून दहा फूट लांबच राहा, जोडवं असलं तरी.

हाली_कलदार
खोल काळीचंही सांगतो, ती अगदी सोडू नका. ठेकेदाराशी आत्ताच बोलून ठेवा. पेव्हर ब्लॉकसाठी ते वरची फूटभर माती काढणारच. माती उचलल्यावर आणि खडी पडायच्या आधी एक सकाळ मागून घ्या. जी खोली तुमच्या मशीनला दिसत नाही ती त्या सकाळी उघडी पडलेली असते. काढलेल्या मातीचा ढीगही पसरून बघा. लेखी परवानगीत ती तारीख घालून घ्या, आणि जेसीबी चालू असताना आत जाऊ नका.

पांढर
त्या सकाळी मला कळवा, मी परभणीहून येते. थर उघडा असतो तेव्हा खापरं आहेत का ते मला बघायचंय. असतील तर मात्र काम थांबवायचा अर्ज मीच लिहीन, आधीच सांगून ठेवते.

तिफण
या. ठेकेदार म्हणतोय दिवाळीनंतर. तारीख पक्की झाली की इथंच टाकतो. वजन केलं, सोनाराच्या काट्यावर तीन ग्रॅमच्या जरा वर भरलं.

हाली_कलदार
मग दोन पै असेल, झिजलेली. पाणी बदललं का?